कार्बनची निळी प्रत

टंकयंत्रं निर्लेखित होऊन लिलावात गेली, पण त्यांचं किडूकमिडूक अभिलेख कक्षाच्या मागच्या रॅकवर तसंच पडून होतं. सुकलेल्या फिती, सायक्लोस्टाइलची स्टेन्सिलं, दगड झालेल्या पांढऱ्या शाईच्या बाटल्या आणि कोरेसच्या चपट्या डब्यांत वापरलेले कार्बन पेपर. जुने टंकलेखक कार्बन सहजी टाकत नसत. प्रत पुसट यायला लागली की कागद उलटसुलट फिरवून लावायचा, अगदीच संपला तरी डब्यात परत ठेवायचा, कारण नवा मागायला जुना दाखवावा लागे. वार्षिक पडताळणीसाठी मी त्या रॅकपाशी गेले होते. सहज एक कार्बन काढून खिडकीसमोर धरला आणि पडताळणी दुपारनंतरवर गेली.

काळ्या कागदात अक्षरं उजेडाची दिसत होती. टंकाचा ठोका जिथे बसला तिथलं मेण आणि काजळी खालच्या कागदावर गेलेली, त्यामुळे तेवढ्या जागेतून प्रकाश आरपार येत होता. ‘उपरोक्त विषयान्वये’ स्वच्छ वाचता येत होतं. त्यावर जराशी तिरकी बसलेली दुसऱ्या पत्राची ओळ, तिच्यावर तिसऱ्याची. फोटो छापणाऱ्या माणसाला असा कागद दिसला की एकच गोष्ट सुचते. ही निगेटिव्ह आहे, आणि तीही आयती.

मी एका राज्य विद्यापीठात उपकुलसचिव आहे. नाशकात अशा दोन विद्यापीठांची मुख्यालयं आहेत, एक गंगापूर धरणाकडे आणि एक म्हसरूळला. माझं कुठलं ते सांगत नाही. असले डबे दोन्हीकडे निघतील. सामान्य प्रशासन माझ्याकडे आहे. म्हणजे आवक-जावक, अभिलेख, भांडार, वाहनं, पाण्याचे कूलर आणि जे काम कुठल्याच कक्षाचं नाही ते सगळं. शनिवार-रविवारी मी गच्चीवर कॅमेऱ्याशिवाय फोटो छापते. या रीतीला सायनोटाइप म्हणतात. ऑफिसात बरेच दिवस कुणाला पत्ता नव्हता. सोमवारी नखांच्या कडा निळ्या दिसल्या की ‘मॅडम, निवडणूक नसताना बोटाला शाई कशी?’ एवढंच.

सायनोटाइप ही मुळात ऑफिसातलीच गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर फार बरं वाटलं. 1842 साली इंग्लंडमध्ये सर जॉन हर्शेल यांनी ती शोधली. माणूस खगोलशास्त्रज्ञ, आपल्या टिपणांच्या नकला काढायला ती त्यांना सोयीची वाटली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी याच रीतीने समुद्रशेवाळाचे ठसे छापून पुस्तकाचा पहिला भाग काढला, आणि छायाचित्रं असलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. पण कलेच्या जगात ही रीत फारशी रमली नाही. ती गेली इंजिनिअरांच्या कचेरीत. पूल, धरणं, इमारती यांचे निळ्यावर पांढऱ्या रेघांचे नकाशे, ज्यांना सगळे ब्लूप्रिंट म्हणतात, ते म्हणजे सायनोटाइपच. झेरॉक्सच्या आधीचं झेरॉक्स.

हर्शेल स्वतः 1850 ते 1855 लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख होते. म्हणजे फायली, हिशेब, कर्मचाऱ्यांची भांडणं, सगळं आलं, आणि त्या नोकरीने त्यांची प्रकृती पार खालावली. नाशिकरोडला नोटांचा छापखाना 1928 पासून आहे. अशा गावात राहून हे वाचताना गंमत वाटते. त्याहून मजा त्यांच्या मुलाची. विल्यम हर्शेल बंगालमध्ये मुलकी अधिकारी होता. 1858 मध्ये जंगीपूरला राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी करार करताना त्याने सहीबरोबर सबंध पंजाचा ठसा घेतला, उद्या ‘ही सही माझी नाही’ म्हणायला नको म्हणून. बोटांच्या ठशांचा सरकारी वापर पुढे वाढत गेला त्याच्या मुळाशी हा करार आहे. बापाने उन्हाचा ठसा घेतला, मुलाने हाताचा. प्रशासन आणि छापकाम या घरात एकाच चुलीवर शिजत होतं, मग मलाच लोक ‘तुमचं हे दुहेरी आयुष्य’ असं का म्हणतात, कोण जाणे.

रीत सोपी आहे. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं असतं ते. दुसऱ्या बाटलीत 100 मिलीला 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दुसऱ्या नावातलं ‘सायनाइड’ ऐकून दुकानदार पावतीवर सही घेतो आणि वर आपल्याकडे रोखून बघतो. साध्या वापरात ते घातक नाही. फक्त तीव्र आम्लात मिसळायचं नाही आणि तापवायचं नाही. पहिलं तर रक्तवाढीच्या टॉनिकांतही वापरलं गेलं आहे. पावसाळ्यात त्या बाटलीवर बुरशीचा तवंग येतो, तो गाळून काढायचा. दोन्ही द्रावणं समसमान मिसळून पिवळ्या मंद दिव्यात कागदावर ब्रशने ओढायची, अंधारात वाळवायची, वर निगेटिव्ह, वर काच, आणि उन्हात. पिवळसर हिरवा थर आधी निळसर होतो, मग राखाडी, मग कांस्यासारखा चमकतो. तेव्हा उचलून पाण्यात टाकायचा. ऊन न लागलेलं रसायन पिवळं होऊन वाहून जातं आणि मागे निळं राहतं. पहिल्यांदा ते फिकं वाटतं. हवेत दिवसभरात गडद होतं. धीर नसेल तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं पाण्यात घालायचं, डोळ्यांदेखत रंग चढतो.

अवघड असतात त्या आजूबाजूच्या गोष्टी. या निळ्याला अल्कली सोसत नाही. आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात धुतलं की चित्र कडेने विरायला लागायचं. महापालिकेच्या पाण्यात ठीक. मग पहिल्या धुण्यात चिमूटभर लिंबूसत्व. कागदाचंही तेच. हल्लीच्या पुष्कळ कागदांत खडूची भुकटी असते, कागद पिवळा पडू नये म्हणून. टिकायला उत्तम, सायनोटाइपला वाईट. कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे येतात का बघायचं. आले तर तो कागद किराणा यादीला. शेवटी मी पुण्याच्या हातकागद संस्थेच्या सुती कागदावर स्थिरावले.

हे सगळं मला जमलं ते नोंदवहीमुळे. कलाकार मित्र हसतात, पण माझ्या गच्चीवर साठा नोंदवहीसारखी आखलेली वही असते: अनुक्रमांक, दिनांक, कागद, पाणी, वेळ सुरू, वेळ बंद, आभाळ, शेरा. ‘आभाळ’ या रकान्यात ‘निरभ्र’, ‘विरळ’, ‘एक ढग, 3 मिनिटं’ अशा नोंदी आहेत. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदींतल्या खाडाखोडी पकडत आले आहे, त्यामुळे स्वतःला फसवणं अवघड जातं. प्रयोग म्हणजे मनाला येईल ते करणं असं ज्यांना वाटतं, त्यांचे प्रयोग दुसऱ्यांदा होत नाहीत, हे माझं स्पष्ट मत आहे.

तर कार्बन. तो मला हवा होता, आणि तो विद्यापीठाचा होता. पर्समध्ये डबा घालून घरी नेला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण ज्या बाईने एका लिपिकाला दोन रिम कागदांसाठी ज्ञापन दिलंय, तिला ते करता येत नाही. शिवाय मला पुढेमागे ती चित्रं भिंतीवर लावायची होती, आणि भिंतीवर लावलेल्या वस्तूला ‘हे कुठून आणलं’ असा प्रश्न येतोच.

भांडारात विचारलं. भांडारपाल म्हणाले, “मॅडम, कार्बन ही उपभोग्य वस्तू. ज्या दिवशी दिली त्या दिवशी खर्ची पडली. माझ्या वहीत ती नाहीच, तर मी ती तुम्हाला देऊ कशी?” अभिलेख कक्षात गेले. अभिलेखांचे वर्ग असतात: अ म्हणजे कायम जपायचं, तिथून खाली ड म्हणजे वर्षभराने नष्ट करायचं. कार्बनचा वर्ग कुठला? तिथल्या कक्ष अधिकारी बाईंनी चष्मा काढला. “पत्राची स्थळप्रत हा अभिलेख. कार्बन म्हणजे ती काढायचं साधन. साधनाला वर्ग नसतो.” मग रद्दीत तरी जातो का? रद्दीवाला म्हणाला, “कार्बन नको ताई, बाकीचा माल काळा होतो.” थोडक्यात, वीस-पंचवीस वर्षं रॅकवर बसलेली ही वस्तू कागदोपत्री अस्तित्वातच नव्हती. जे नाही ते नेता येत नाही, ठेवता येत नाही आणि टाकताही येत नाही.

आणखी एक पेच होता. अशी टिप्पणी ज्या टेबलावरून वर जाते ते टेबल माझंच. अर्जदारही मीच, शिफारस करणारीही मीच, हे बरं दिसत नाही. म्हणून ‘सदर प्रकरण अधोस्वाक्षरीकार यांच्याशी संबंधित असल्याने’ असं लिहून नस्ती, म्हणजे फाइल, दुसऱ्या उपकुलसचिवांकडे वळवली. त्यांनी दोनदा वाचून फोन केला. “मॅडम, यात खरंच एवढंच आहे ना? वापरलेला कार्बन?” एवढंच होतं.

विद्यापीठाचे अभिलेख कुलसचिवांच्या ताब्यात असतात, कायदाच तसं म्हणतो, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. साहेबांनी मला बोलावलं नाही. नस्ती त्यांच्याकडे जरा रेंगाळली आणि मग हिरव्या शाईतला शेरा घेऊन खाली आली: ‘कार्बन कागदांना अभिलेख मूल्य नाही. समितीसमक्ष नष्ट करावेत. तत्पूर्वी कलाविषयक वापरास हरकत नाही. मात्र मजकूर वाचनीय राहू नये.’

शेवटचं वाक्य वाचून आधी मी चिडले. अक्षरांतून उजेड येतो हीच तर त्या कागदाची जादू, आणि नेमकी तीच वाचायची नाही. घरी येऊन चहा घेताना मात्र वाटलं, साहेबांचं चुकलंय कुठे? त्या कार्बनवर विद्यार्थ्यांची नावं होती, रजेची कारणं होती, कुणाच्या आजारपणाची हकीकत होती. परीक्षेच्या गोपनीय कामाचे कार्बन त्या-त्या वेळीच जाळलेले, ते या डब्यांत नव्हते. पण जे होतं तेही लोकांचंच होतं.

कोऱ्यासारखा एक कार्बन होता. एकदाच वापरलेला, म्हणून अक्षरं सुईने टोचल्यासारखी साफ. खिडकीशी धरला तर वरपासून खालपर्यंत सलग वाचता येत होता. एका अध्यापकाला दिलेली ‘कारणे दाखवा’ नोटीस. ते अध्यापक अजून नाशकात राहतात, भाजी घेताना कधीमधी भेटतात. छापायला त्या डब्यांमधला सगळ्यात देखणा कागद तोच. तो मी कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. वरच्या भागावर काळी पट्टी लावून नाव झाकता आलं असतं. पण नाव झाकलं की लोक तेवढ्यावरच नजर लावतात. पट्टीच चित्र होऊन बसते. तो कागद नष्ट करायच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवला.

मग ‘मजकूर वाचनीय राहू नये’ हीच अट धरून कामाला लागले. वाचनीयता घालवायचे सोपे मार्ग पुष्कळ. फाडा, चुरगाळा, पाणी मारा. त्यातलं काहीच मला करावंसं वाटेना, कारण टंकलेखकांनी तसं केलं नव्हतं. त्यांनी एकावर एक पत्रं मारत मारत तो कागद दाट केला होता. तेच पुढे न्यायचं ठरवलं. एकाच सुती कागदावर आधी एका कार्बनमधून ऊन द्यायचं, मग तो काढून दुसरा, मग तिसरा. सायनोटाइपमध्ये जिथे उजेड लागतो तिथे निळं वाढतं, त्यामुळे प्रत्येक कार्बनची अक्षरं आधीच्यांत मिसळत जातात. तीन-चार थरांनंतर वाक्य नाहीसं होतं. राहतात त्या ओळींच्या लयी, समासाची सरळ कड, एखादं एकटं ‘तात्काळ’, एखादं ‘मान्यतेस्तव’. उजव्या तळाशी, जिथे सगळी पत्रं सहीच्या पदनामाने संपतात, तिथे निळं इतकं दाटतं की काळं वाटावं. हे मी ठरवलं नव्हतं. पत्रलेखनाच्या नमुन्यानेच ठरवलं होतं. साहेबांच्या शेऱ्याशिवाय मी एकेक कार्बन सुटा छापून मोकळी झाले असते, आणि ती जुन्या कागदांची गोड चित्रं झाली असती.

कार्बन ठेवायचा कसा, ते सांगते. कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल. टंकयंत्रात होता तसाच, मेणाची बाजू खाली. मग अक्षरं सुलटी येतात. पण ऐन उन्हाळ्यात करू नका. काचेखाली मेण पाघळतं आणि कार्बन कागदाला असा चिकटतो की काजळी पुसता पुसत नाही. मध्ये पारदर्शक ओएचपी शीट घातलं तर चिकटत नाही, पण शीटच्या जाडीएवढं अक्षर फुगतं. काहींना ते आवडेल, मला नाही. म्हणून थंडी. नाशिकचं डिसेंबरचं ऊन स्वच्छ आणि गार. निफाडला पारा उतरल्याच्या बातम्या येतात ते दिवस. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. एप्रिलात झाडाचं पान पाच-सहा मिनिटांत छापून होतं. डिसेंबरात कार्बनमधून एका थराला चाळीस मिनिटंही कमी पडतात, कारण अक्षराच्या जागीही तो पातळ कागद असतोच आणि थोडी काजळी राहिलेलीच असते. चार थर म्हणजे सकाळी दहाला मांडलेलं चित्र ऊन उतरेपर्यंत. दरम्यान काच उचलायची, कार्बन बदलायचा, समास जुळवायचा, सगळं छत्रीच्या सावलीत. सासूबाई गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बसून वाटाणे सोलायच्या आणि ढग आला की मला हाक मारायच्या. आमचा गच्चीवरून वाद उन्हाळ्यात होतो, कुरडयांच्या दिवसांत. थंडीत त्या माझ्या सहकारी. नोंदवहीतल्या ‘आभाळ’ रकान्यात काही अक्षर त्यांचं आहे.

काही चित्रं मी निळी ठेवली नाहीत. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं की निळं उडून फिकट पिवळट डाग उरतो. ते निथळून हिरड्याच्या काढ्यात ठेवलं की लोह आणि हिरड्यातलं टॅनिन एकत्र येऊन तपकिरी काळा रंग भरतो. जुन्या दौतीतली शाई अशीच होत असे, लोह आणि टॅनिनचीच. चहाच्या पाण्यानेही होतं, पण चहाने कागदाचा पांढरा भागही मळतो. हिरड्याने त्यामानाने कमी. ही चित्रं निळ्यांइतकी देखणी नाहीत, पण त्यांच्यासमोर माणसं जास्त वेळ थांबतात असं नंतर दिसलं. का, ते मला सांगता येणार नाही.

चित्रं झाली तेव्हा दुसरी नस्ती सुरू झाली, प्रदर्शनाच्या परवानगीची. आमच्याकडे असं काही निघालं की सगळे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 काढून बसतात. खाजगी धंदा-नोकरी पूर्वपरवानगीशिवाय करायची नाही, पण मूळ कामाला बाधा येणार नसेल तर वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं प्रासंगिक काम करता येतं, असा त्याचा आशय. सगळी मेख ‘प्रासंगिक’मध्ये. आस्थापनेतून त्रुटी आली: काम प्रासंगिक आहे की नियमित? मी लिहिलं, ऊन असेल तेव्हा. ते परत आलं. मग लिहिलं, शासकीय सुट्टीच्या दिवशी, प्रासंगिक. ते चाललं. विद्यापीठाच्या साहित्याचा वापर केला आहे काय? होय, मागील शेरा पाहावा. पदनाम वापरणार काय? नाही. विक्री आहे काय? इथे मी थांबले. कागद, रसायन, चौकटी मिळून बरेच पैसे गेले होते. पण विक्री लिहिली असती तर नस्ती वित्त विभागाकडे गेली असती आणि पुढचा हिवाळा उजाडला असता. ‘विक्री नाही’ असं लिहून टाकलं.

याच सुमारास एका स्नेह्यांनी कळकळीने सांगितलं, “अहो, सोडा आता ही नोकरी. दादासाहेब फाळक्यांनी सोडलीच ना?” नाशकात कलेचा विषय निघाला की फाळके येणारच. त्र्यंबकेश्वरी 1870 मध्ये जन्म, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक, इथल्या प्रत्येक मुलाची तिथे एकदा तरी सहल जाते. ते पुरातत्त्व खात्यात नोकरीला होते आणि ती त्यांनी सोडली, हे खरं. पण मला फाळके आठवतात ते त्यानंतरच्या एका छोट्या कामासाठी. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर कसा वाढतो ते रोज थोडं थोडं करून फिल्मवर घेतलं. ती फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. रोज ठरल्या वेळी कुंडीसमोर यायचं, तेवढंच टिपायचं, परत जायचं. ही शिस्त मला ओळखीची वाटते. नोकरी सोडायचा प्रश्न मला पडतच नाही. माझं साहित्य तिथे आहे, माझ्या अटी तिथून येतात, आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडतं. नीट लावलेली नस्ती बघून मला जो आनंद होतो तो लपवायची मला गरज वाटत नाही.

कार्बन नष्ट केले तो कार्यक्रम छोटासाच झाला. त्रिसदस्य समिती, यादी, पंचनामा, मागच्या आवारात पत्र्याचा डबा. मेणामुळे कागद भसकन पेटतात आणि धूर काळाकुट्ट येतो, माळीकाका वैतागले. समितीतल्या एका सदस्यांनी ‘एक आठवण म्हणून ठेवू का’ असं विचारलं. यादीत आकडा जुळायला हवा होता, त्यामुळे नाही म्हणावं लागलं. त्यांना वाईट वाटलं.

प्रदर्शन गंगापूर रोडवरच्या एका छोट्या दालनात लावलं. प्रखर दिवे मुद्दाम टाळले. सायनोटाइप झगझगीत उजेडात फिका पडतो. बरं एवढंच की नंतर काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवला की निळा बराचसा परत येतो. ऑफिसातली माणसं गटाने आली. शिपाई मंडळी सगळ्यांत नीट बघत होती, जवळ जाऊन, बाजूने, मान वाकडी करून. लेखा विभागातल्या एकांनी ‘मॅडम, सुंदर, पण हे वाचता येत नाही’ असा अभिप्राय वहीत लिहिला. त्याखाली दुसऱ्या दिवशी कुलसचिव साहेबांची फक्त आद्याक्षरी दिसली, तारखेसह, हिरव्या शाईत.

शेवटच्या संध्याकाळी एक निवृत्त टंकलेखिका आल्या. मी रुजू झाले तेव्हा त्या वरिष्ठ होत्या, मला ‘अगं’ म्हणणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक. हिरड्याच्या काळपट चित्रापुढे उभ्या राहिल्या आणि पिशवीतून चष्मा काढला.

“हे माझं मशीन.”

“कशावरून, ताई?”

“दुसरी वेलांटी बघ. अर्धी रेघ वर उडालीय. गोदरेजचं होतं, दुरुस्तीवाल्याने किती वेळा बघितलं, पण ती काही खाली येईना. शेवटी मीच म्हटलं, राहू दे. माझी पत्रं त्यावरून ओळखायचे सगळे.”

मी इतके महिने ते चित्र बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. चार थरांच्या चिखलात जिथे जिथे दुसरी वेलांटी होती तिथे ती रेघेच्या जरा वर होती, सगळीकडे, सारख्याच अंतराने. एकही ओळ वाचता येत नव्हती, तरी पत्र कुणी मारलं ते कळत होतं. साहेबांच्या शेऱ्यात मजकुराचं सांगितलं होतं. हाताचं काही म्हटलं नव्हतं.

ताईंनी मग एकेक चित्र तपासायला घेतलं. हे आपलं, हे आपलं नाही, हे परीक्षा विभागातल्या पाटलांचं असणार, त्यांचा ठोका जड, पूर्णविरामाला कागदाला भोक पडायचं. एका ठिकाणी तर्जनी ठेवून म्हणाल्या, “इथे समास चुकलाय. माझा नाही हा समास.” तो माझाच होता, तिसऱ्या थराचा कार्बन ठेवताना सरकलेला. निघताना त्यांनी पर्स उघडली. “त्या काळ्याचे किती घेशील?”

विक्री नाही, हे त्यांना समजावून सांगितलं. चाळीस वर्षं कचेरीत काढलेल्या बाई, लगेच समजल्या. म्हणाल्या, मग भेट दे. भेट द्यायला माझी ना नव्हती, पण परवानगीच्या आदेशात ‘प्रदर्शनानंतर सर्व कलाकृती अर्जदाराच्या ताब्यात राहतील’ असं एक कलम आहे. कुणी घातलं ते माहीत नाही, कदाचित मीच मसुद्यात सुचवलेलं असेल. त्यात दुरुस्ती करून ‘भेट देण्यास मुभा’ एवढे शब्द घालावेत, अशी टिप्पणी पाठवली आहे. सध्या ती आस्थापनेत आहे. ताई दर आठवड्याला फोन करतात आणि विचारतात, कुठल्या टेबलावर आली?